दावा पहिला

पागधरे रबाळ्याहून आले, हातांना कटिंग ऑइलचा वास,
पिशवीत पितळी झडप, पेपरात गुंडाळलेली.
"मॅडम, अमेरिकेच्या पेटंटात एक शब्द चुकलाय म्हणे."

वर्तुळाकार.
मीच टाकला होता, सहा वर्षांपूर्वी,
इथेच, वागळे इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर,
रात्री अकराला, वॉचमन शटर ओढायला थांबलेला.
आता ओहायोत कुणी लंबगोल कडी बसवून
तीच झडप विकतोय
आणि कायद्याने तो चोर नाही.

मी नियम वाचून दाखवला :
जास्त मागायचं तर मंजुरीपासून दोन वर्षांत.
नंतर फक्त कमी.
मूळ पेटंट परत करायचं,
काढलेलं कंसात, घातलेलं अधोरेखित.
चूक खोडायची नाही,
दिसेल अशी ठेवायची.

"आणि कमी का मागू?"
कारण दुसऱ्या ओळीत आपण सैल आहोत,
एका जुन्या जर्मन चित्रावर पाय पडतोय.
एकाच सदऱ्याची बाही आखूड, गळा मोठा;
गळा तेवढा आवळता येईल.

ते हसले नाहीत.
झडप फिरवून पाहिली, दोनदा.
स्प्रिंगचा आवाज आला, अगदी बरोबर.

अर्ज विचारतो, चूक कोणती.
कुणाची, ते विचारत नाही.
पागधऱ्यांनीही विचारलं नाही,
खिशातलं पेन झटकत म्हणाले, "सही कुठे?"

मी जागा दाखवली नाही.
"आधी ऐका," म्हटलं,
"तो शब्द..."