बटवड्याच्या वाटेनं

चपला घट्ट करा. किल्ल्याच्या दारातले दगड
एका उंचीचे नाहीत, आणि मी फार थांबत नाही.
मी परशराम उचगावकर. तेहतीस वर्षं टपाल वाटलं,
आता माणसं वाटतो.
साडेसातला दुर्गेच्या देवळापाशी गोळा करायची,
साडेदहाला ज्याच्या त्याच्या हॉटेलावर पोचती.
पावती मिळत नाही.

हा खंदक. यात मगरी सोडल्या होत्या
असं दुसरा गाईड सांगतो. मी सांगत नाही.
मला इथं एकदाच काही दिसलं :
पंच्याऐंशी साली, हिरव्या पाण्यावर तरंगणारं
निळं आंतरदेशीय, तिन्ही कडा फाडून वाचलेलं.
पत्ता माझ्याच बीटातला.
काढलं नाही मी. पोचलं होतं ना ते.

ही बसदी. वर बघा, मान दुखेपर्यंत.
छतातनं उलटं उमललेलं दगडी कमळ,
इतकी शतकं झाली, पडायचं विसरलंय.
धारवाडच्या बाई वहीत उतरून घेतात.
पुण्याचे साहेब विचारतात, नक्की साल?
माहीत होतं, खरं विसरलो.
साहेब हसतात. हसा.
इथं आम्ही ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतो,
शंका काढायची तरी खरं म्हणूनच.

मशिदीपाशी चपला काढा, परत घाला.
बसदीपाशी काढल्या होत्या, परत घातल्या.
बटवड्यात हेच निम्मं काम असतं.

कॅम्पात रस्ते सरळ. गोऱ्या साहेबाला वळणं परवडत नसत.
चर्चच्या मागं गवतात एक शिळा आहे, वाकून बघा :
वय अकरा महिने, ताप.
ती बातमी बोटीनं विलायतेला पोचेपर्यंत
तिकडनं विणलेले मोजे निघाले असणार.
दोन टपालं समुद्रात एकमेकांशेजारनं गेली असणार.
हे कुठल्या पुस्तकात नाही. मी आपला
टपालाच्या बाजूनं विचार करतो.

आता खडेबाजार. हाताला हात धरा, रिक्षा ऐकत नाहीत.
पाट्या वाचू नका, पाट्या रातोरात बदलतात.
जोती बघा, उंबरे बघा,
कुठल्या पायरीवर कुत्रं झोपतं ते बघा.
माझ्या पिशवीत बेळगाव यायचं, बेळगांव यायचं,
इंग्रजी स्पेलिंग पाच तऱ्हेची,
आणि कन्नडमधलं गोल गोल बेळगावी.
ती अक्षरं मी शिकलो एका पावसाळ्यात,
सॉर्टिंगच्या टेबलावर, गुरुसिद्धप्पाकडनं, चहाच्या बोलीवर.
कारण वडगावात मल्लव्वा मागाच्या खड्ड्यात बसलेली,
हात धोट्यावर, लेकाचं पत्र माझ्या हातात,
आणि म्हणायची, ओदप्पा.
वाचायचो. जोडाक्षर चुकायचो.
लेक पठाणकोटला आजारी, आणि ही हसतीय.
मग मलाही हसू. मग दोघंही गप्प,
आणि धोटा परत सुरू.

धारवाडच्या बाईंनी वही मिटली.
त्यांचा पोरगा मघापासनं पाट्याच वाचतोय,
या भाषेतल्या, त्या भाषेतल्या, काळं फासलेल्या.
मध्येच विचारतो, काका,
आपण आत्ता कुठल्या बाजूला आहोत?
सावलीच्या, म्हटलं. दहा वाजलेत, तिकडं ऊन आलंय.

माझा हा उजवा खांदा बघा, अजून खाली आहे.
शर्ट त्या अंगाला लोंबतो.
डॉक्टर म्हणाला, पिशवी सोडून सहा वर्षं झाली,
आता वर यायला पाहिजे.
मीही त्याला तेच सांगतो.

कुंदा इथनं घ्या, खरपूस मिळतो.
डब्यावरचा पत्ता जुना आहे, दुकान कधीच हललंय,
गिऱ्हाईक बरोबर येतं.
ह्या बोळात माझं एक दार होतं, आता मोबाईलवाला बसतो.
नको, ते राहू दे.

पोरा, बुटाची नाडी बांध.
पहिलं रेल्वे गेट पडायच्या आत
सगळ्यांना पलीकडं न्यायचंय मला.