निळा दोरा

चष्मा लागण्याआधीच मी बारीक अक्षरं वाचायला शिकले.
बिस्किटांच्या पुड्याची पाठ, चटणीच्या बाटलीची कड,
'अंश असू शकतात' एवढंच म्हणून हात झटकणारे कारखाने.
अंडं नाही. दूध नाही.
यामिनी तीन वर्षांची असताना
म्हापशाला, आझिलोत, एक रात्र
तिच्या सुजलेल्या पापण्यांकडे बघत काढली होती.

वाढदिवसांना ती आपला डबा घेऊन जायची.
डब्यात बंगळूरहून कुरियरने आलेला केक,
चव ओल्या पुठ्ठ्याची.
"छान आहे," म्हणायची,
माझ्याकडे न बघता.

मग शिवोलीच्या तिठ्यावर
बेनेदितच्या बेकरीत एक फळी वेगळी झाली.
आधी दोन वर्षं नुसती पाटीच.
मग निळा दोरा बांधलेले साचे,
वेगळं फडकं, वेगळा चमचा,
आणि त्याची बायको एस्पेरान्स
चण्यांचं उरलेलं पाणी घुसळताना:
जे मी आजवर केळीच्या मुळाशी ओतत आले
त्याचा पांढराशुभ्र फेस!
पहिले तीन घाणे डुकरांनी खाल्ले.
"बेबिंका, आनी तांतयां बगर?
तें कशें जातलें गो?" बेनेदित म्हणाला.
ती बोलली नाही.
नारळाचा घट्ट रस, तांदळाचं पीठ,
वरून करवंट्यांचा निखारा.
एक थर भाजायचा, थांबायचं,
मग दुसरा.
चौथ्या थरापर्यंत पोचायला
तिला चवथीपासून नाताळ लागला.

काल यामिनीला नववं लागलं.
तिच्यासाठी निळ्या दोऱ्याची बेबिंका,
पलीकडच्या टेबलावर
बाकीच्यांसाठी नेहमीचा केक.
मुलांना मी काही सांगितलं नव्हतं.
खेळून, हात धुऊन यामिनी आली
तेव्हा ताटात होते
काही तपकिरी कण, आणि तो दोरा.
जोझुए बोटं चाटत होता.
केक तसाच, मेणबत्तीच्या भोकांसकट.

मला वाटलं, आता रडेल.
"संपली?"
मग सगळ्यांकडे वळून, कमरेवर हात ठेवून:
"माझी होती ना ती!"
तक्रारच होती.
पण असा आवाज
डबा घेऊन जाणाऱ्या मुलीचा नसतो.

मी बेनेदितला फोन लावला.
आणखी एक मिळेल?
"ना गो, सगळ्यो सोंपल्यो.
सोमारा यो.
आनी फुडल्या खेपेक
आदींच सांगून दवर."