तुकडा क्रमांक चारशे सतरा

गोकुळ शिरगाव, रात्रपाळी.
केटलीच्या मचाणावर मी आणि इलाही मुजावर.
आत जवसाचं तेल, अडीच टन,
नागपूरकडून टँकरात डुलत आलेलं.

दोनशे चाळीस अंशांवर ग्लिसरीन सोडलं.
तासाभरानं थेंब काढून मिथेनॉलमध्ये टाकते.
गढूळ.
आणखी वीस मिनिटं.
गढूळच.
"पोरी, आधी फुटू दे की त्याला," इलाही म्हणतात,
"मग जोडायचं बघू."

चौथा थेंब नितळ निघाला,
तेव्हा थॅलिकची पोती फोडली.
पांढरे पापुद्रे, वाफ डोळ्यांत झोंबणारी.
झायलीन उकळून वर जातं, पाण्याला सोबत आणतं,
बाजूच्या काचेत ते तळाशी बसतं.
तेलात घातलं नव्हतं ते पाणी!
एमएस्सी होऊनही मला दर वेळी नवल वाटतं.

आम्लांक बावीस. सतरा. तेरा.
इलाही आकडा विचारत नाहीत,
सळईवरचा थेंब फुंकून गार करतात,
दोन बोटांत तार ओढतात.
वडील वडणग्यात गुळवे होते त्यांचे,
काहिलीतला पाक असाच बघायचे
आणि एवढंच म्हणायचे : उतरवा.

एकदा उतरवायला उशीर झाला होता, माझ्या आधी.
अख्खी केटली थिजली रबरासारखी.
इलाही छिन्नी घेऊन आत,
चार दिवस.
खोकला तेव्हाचा की थॅलिकचा, सांगत नाहीत.

वाळणं म्हणजे काहीतरी निघून जाणं,
असं मी धरून चालले होते.
टर्पेंटाइन जातं, खरंय.
पण तेल वाळतं ते हवा आत घेऊन,
तराजूवर पाहिलंय मी, वजन वाढतं.

त्या बॅचचा रंग पत्र्याच्या तुकड्यावर लावला,
गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून टांगला.
"वाळलं काय?" म्हणत इलाहींनी अंगठा टेकवला.
वाळलं नव्हतं.
मी चिडले. नोंदवहीत लिहिलं :
डाग, उजवा अंगठा.

दिवाळीनंतर ते कामावर आले नाहीत.
आता मचाणावर कदम नावाचा मुलगा असतो,
तो आकडा विचारतो.

दर महिन्याच्या पाच तारखेला मी चकाकी मोजते.
ठशावर यंत्र ठेवलं की आकडा नुसता थरथरतो.
तो रकाना मी कोरा सोडते.
बाकी तुकडाभर चौऱ्याऐंशी.