न दिलेला नमुना

दोन तास रांगेत तिष्ठून
वेंडेल घरी परतला,
नाकात काडी न घालताच.
चौथ्या दिवशी हॉस्पिटलचं पत्र:
बाधित.

फोन लावला, तर नुसतं संगीत.
वीस मिनिटं.

मग न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर,
पेट्रोल पंपावर, भेटेल त्याला
खिशातून काढून दाखवलं,
घडीवर फाटेस्तोवर.
"हे असे यांचे आकडे!"
लोक जवळ येत, वाकून वाचत,
तोंडभर हसत.
कुणी गळ्यात हात टाकला.

व्हर्नाने चिकटपट्टी लावून
ते फ्रिजवर डकवलं.

आज ओहायोत पहाटेपासून बर्फ.
शेगडीवर कॉफी आटली, भांडं करपलं,
बाजूलाच बसून दोघांना पत्ता नाही.
व्हर्ना कॉफीचा डबा उघडते,
हुंगते.
पुन्हा हुंगते.

फ्रिजकडे मात्र
बघत नाही.