कोणत्या कपानं

वारिजानं फ्रिजवर कागद चिकटवला आणि गेली ड्यूटीला.
चिकूचा ब्रेड. दीड कप कणीक, असं लिहिलंय.
कोणत्या कपानं, ते नाही लिहिलं.

एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात होतो.
खंडेराव मार्केटातले तराजू
मला पाहिलं की आपोआप सरळ व्हायचे.
आता कारेलीबागेत, ओट्यापाशी,
तीन कप पुढ्यात घेऊन उभा:
एक पाहुण्यांचा, एक कान तुटलेला,
एक बँकेनं दिलेला, नको तितका मोठा.
शेवटी डोळे मिटून उचलला एक.

ही दारातून म्हणते,
तूप नाही, अंडं नाही, दूध नाही,
मग उरलं काय?
चिकू, मी म्हणतो.
ही म्हणते, हं.

चिकू मात्र खरंच उरले होते. पाच.
धरले तर बोट आत जाईल इतके झालेले,
टाकून द्यायच्या एक दिवस अलीकडचे.
कागदावर लिहिलंय, असेच हवेत.
मला बरं वाटलं. मी अडुसष्टचा.

गर काढला. काळ्या बिया धुऊन खिडकीत ठेवल्या,
कशासाठी ते माहीत नाही.
साखरेऐवजी खजूर भिजत होता सकाळपासून.
अळशी कुटून पाण्यात घातली, अंड्याऐवजी;
दहा मिनिटांत तिला खरंच
तसाच बुळबुळीतपणा आला
आणि मी एकटाच हसलो,
खोटं म्हणून पकडलेलं वजन
काट्यावर बरोबर उतरावं तसा.

शेंगदाण्याचं तेल अर्धी वाटी. वाटी मला कळते.
सोडा. त्यावर लिंबू पिळलं तर फसफसून वर आला.
इथे कागदावर दोन रेघा मारलेल्या:
बाबा, आता ढवळत बसू नका.
गुठळ्या राहिल्या तर राहू द्या.

हे अवघड होतं.
दिसलेली गुठळी तशीच सोडायची
हे नोकरीत कधी जमलं नाही.

कुकरची शिट्टी काढली, रिंग काढली,
तळाला मीठ, त्यावर ताटली,
ताटलीवर बिस्किटांचा जुना डबा.
चाळिसाव्या मिनिटाला घरात असा वास सुटला
की ही कपाटातली विणायची सुई घेऊन आली, न सांगता,
डब्यात खुपसली, काढली, उजेडात धरली.
ओली.
थांबू या, म्हणाली.
थांबा नाही. थांबू या.

सहाला रईजीभाई दूध घेऊन आला.
सत्त्याऐंशी साली मी त्याचं लिटरचं माप जप्त केलेलं,
बुड आतून ठोकून वर घेतलेलं, वीस मिली कमी.
त्यानं दंड भरला
आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याच दारी रतीब लावला,
नवं माप माझ्या डोळ्यांसमोर काठोकाठ भरून.
अजून तसंच भरतो. थोडं सांडतोही, मुद्दाम.

त्याला एक काप दिला.
खरं तर गार झाल्यावर कापायचा, कागदावर तसं आहे.
उभ्यानंच खाल्ला, कडेचं करपलेलंसुद्धा.
चीकू? म्हणाला.
चिकू.
ने दूध केटलुं?
थेंबही नाही, म्हटलं.

तो पायरीवर बसला.
आमच्या घरची एक पोरगी वर्षापासून दूध घेत नाही
हे त्याच्या वहीत आहे,
एक लिटरवर काट मारून अर्धा केलेला.
बोटानं चुरा टिपत बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला,
साहेब, आ तो माप ओछुं थयुं.
दंड भरो.

ही आतून एवढ्या मोठ्यानं हसली
की कुकरचं झाकण तिच्या हातून पडलं.
मी सुरी घेतली, दंड भरला,
पहिल्या कापाहून जाड.

वारिजा आठला येईल.
तिच्यासाठी अर्धा ठेवलाय झाकून.
साधारण अर्धा.
विचारेल, कोणत्या कपानं केलात?
कान तुटलेल्या, सांगेन.