पत्ता अपुरा

मी आत शिरले ती थंडी होती म्हणून.
ओउलूत फेब्रुवारी, उणे तेवीस,
बसला अजून बराच वेळ
आणि रस्त्यापलीकडे थिएटरचा दिवा.
तिकीट देणाऱ्या पोरीनं दिग्दर्शिकेचं नाव दोनदा सांगितलं,
दोन्ही वेळा वेगळं.
पोस्टरवर होतं : नेस्तान च्खाबेरीद्झे.
अडतीस वर्षं मी टपाल वेगळं केलं,
पण इतकी जोडाक्षरं एका जागी
भिजलेल्या पाकिटावरसुद्धा पाहिली नव्हती.

आत आम्ही एकोणीस जण.
दोघांच्या मध्ये एक खुर्ची मोकळी.
आमच्याकडे तशीच रीत आहे,
तिच्यावर कोट बसतो.

पहिली वीस मिनिटं मी नुसती चिडले होते.
एक जिना, चौदा भाडेकरू,
सगळे एकदम बोलणारे.
कोण कुणाचा मेहुणा, कुणाचे पैसे कुणाकडे,
मिशा तर तिघांच्या अगदी सारख्या.
खालची ओळ वाचून वर पाहावं
तर बोलणारा निघून गेलेला.
नायक कुठे आहे, म्हणून शोधत राहिले.
मग 'पत्ता अपुरा' लिहिलेल्या खणात
सगळ्यांना एकगठ्ठा टाकून दिलं
आणि घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात ते कपाट आलं.
अक्रोडाचं, आरशाचं, कुणा मेलेल्या आत्याचं.
तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं.
ना वर, ना खाली.
रात्रभर भांडून शेवटी त्यांनी
त्याची पाठ उचकटून काढली.
आता वर जायचं तर दार उघडा,
आत्याचे झगे बाजूला सारा,
पलीकडून बाहेर पडा.
पाद्री गेला. दूधवाली गेली, कॅन आपटत.
एक शेळी गेली.
आणि मिशांपैकी एक, गुराम त्याचं नाव,
दारापाशी थांबला,
टोपी काढून हातात घेतली
आणि कपाटावर टकटक केली.
आतून कुणीतरी म्हणालं, "या."

मी हसले.
एकटीच, आणि चांगली मोठ्यांदा.
प्रार्थना चालू असताना
हातातून डाव निसटावा तसा आवाज झाला.
कुणी वळून पाहिलं नाही,
आमच्याकडे पाहत नाहीत,
पण पुढच्या रांगेत एका म्हाताऱ्याचे खांदे
आधी हलले, मग थांबले,
मग थांबेचनात.

त्यानंतर हात आपोआप चालू लागला.
ही लामारा, कपाटाच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या ठेवणारी.
हा ओतिया मास्तर, ज्याचा एकुलता कोट
त्या झग्यांत हरवला आणि आता रोज
दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर दिसतो.
ही त्सिउरी, जी सात वर्षं
समोरच्या दाराशी बोलली नव्हती
आणि आता अंधारात तिच्याच पायावर पाय देते.
नायक कुणीच नव्हता.
कॅमेरा पंगतीत वाढणाऱ्या बाईसारखा हिंडत होता,
एकाचं पान भरताना
नजर पुढच्या पानाकडे.

सगळंच आवडलं असं नाही.
मधलं ते व्हायोलिनचं स्वप्न नसतं तरी चाललं असतं.
लग्न फार लांबलं.
पण कपाट अखेर फोडायची वेळ आली
आणि कुऱ्हाड घेऊन चौदाही जण
एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत राहिले,
तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा कोट
कधी माझ्या मांडीवर आला
मला कळलं नाही.

दिवे लागले.
तो म्हातारा हातमोजे चढवत माझ्याजवळ थांबला.
"ती शेळी?" म्हणाला.
"मलाही नाही कळलं," मी म्हटलं.
ओउलूच्या मानानं हे बरंच बोलणं झालं.

बसमध्ये मफलरच्या आत
मी ते नाव म्हणून पाहिलं. चुकलं.
पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं.
मग मफलर खाली ओढला
आणि खिडकीशी तोंड नेलं.
'च्खा' नीट म्हटलं
तर काचेवर चांगली वाफ धरते.