एकास बारा

परभणीत, वसमत रोडला, एका जिन्याखाली
मी अकरा वर्षं दात केले.
तोंडांचे साचे यायचे प्लास्टरचे,
सोबत चिठ्ठी: नाव, वय, रंगाचा नंबर.
माणूस कधी यायचा नाही.
हबीबभाई म्हणायचे, सत्यशीला, इतके सरळ नको लावू.
साठीच्या माणसाला विशीचे दात दिले
की तो हसायचा थांबतो.

उरलेल्या गुलाबी मेणाची पहिली बाई केली.
फुटाचा इंच, म्हणजे पाच इंचांची.
बाहुलीच झाली ती. गाल फुगीर, डोळे टपोरे,
कुठंच काही दुखत नसलेली.
वितळवली.
त्या उन्हाळ्यात सतरा बायका वितळल्या,
त्यातल्या दोन आपोआप,
खिडकीत विसरले म्हणून.

मग भाजायची माती आणली हैदराबादहून,
तारेचा सांगाडा, छोटी भट्टी.
निम्म्यात लाईट गेली,
एका म्हाताऱ्याचे पाय कच्चे राहिले.
त्याला बसूनच ठेवलाय.

नखांचा उपाय दातांनीच दिला:
भुलीच्या इंजेक्शनची सुई, टोक घासलेली,
बोटाच्या शेंड्यावर नुसती टेकवायची.
दहा बोटं, दहा वेळा श्वास धरायचा.

कापड मात्र फसवतं.
एवढ्याशा अंगावर साडी पडत नाही,
ताठ उभी राहते, वजनच नसतं तिला.
जुन्या धोतराची पट्टी, भाताची पेज, टाचण्या,
आणि रात्रभर हात न लावणं.
हे शेवटचं सगळ्यात उशिरा जमलं.

मला वाटायचं, भिंगातून दिसेल.
दिसलं ते स्टेशनवर.
उभी बाई भार कुठल्या पायावर देते,
पिशवीचा खांदा पिशवी ठेवल्यावरही
किती वेळ खालीच राहतो.
नांदेडची गाडी लेट झाली की मला बरं वाटायचं.

काल द्वारकाबाई आल्या, डोक्यावर ज्वारीचं दळण.
टेबलावर माझी पायरीवर बसलेली बाई,
एक चप्पल निघालेली, तळवा गुडघ्यावर.
डबा खाली ठेवला. वाकल्या.
छान आहे असं म्हणाल्या नाहीत.
"हिचे गुडघे दुखायलेत का गं?"
हो म्हणाले.
"मग इतक्या खाली कशाला बसवलीस तिला?
उठंल कशी?"

आज स्टूल करायला घेतलंय.
सागाचा तुकडा, उंची दीड इंच.